पहाडी बकरीची पाठवणी

संपादकांचा निरोप आला की वाघाबद्दल लिहा. प्राणिसंग्रहालयात उभा जन्म काढलेल्या माणसाकडे वाघाच्या गोष्टी असणारच, असं सगळ्यांना वाटतं. खरं सांगायचं तर पिंजऱ्यातल्या वाघासारखा कंटाळवाणा प्राणी नाही. खातो, झोपतो आणि रविवारी गर्दी झाली की नेमका पाठ फिरवून बसतो. मला माझ्या नोकरीत ज्यांनी शिकवलं आणि ज्यांनी रडवलं, ते पहाडी बकरे होते. वाघाच्या आशेनं कुणी हे पान उघडलं असेल तर त्यानं मला माफ करावं.

आमचं प्राणिसंग्रहालय सक्करदऱ्याच्या बाजूला होतं. एका ट्रस्टचं, लहानसंच. आता तिथे घरं उभी आहेत आणि ट्रस्टही राहिलेला नाही, तेव्हा नाव घेऊन काय करायचं? मी राखणदार म्हणून लागलो आणि हेड राखणदार म्हणून निवृत्त झालो. मधल्या वर्षांत बढती एकच मिळाली, म्हणजे माझ्या कारकिर्दीचा इतिहास इथेच संपला.

एकोणीसशे सत्तर उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट. आमच्याकडे चितळं फार झाली होती. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या एका केंद्राला चितळं हवी होती आणि त्यांच्याकडे थार होते. थार म्हणजे तिकडचा रानबकरा. अंगावर दाट केस, नराच्या मानेवर आयाळ, मागे वळलेली आखूड शिंगं. जिथे माणसाला पाऊल टेकवायला भीती वाटेल अशा कड्यावर तो आरामात रवंथ करत उभा असतो. त्याची सगळी जादू खुरात. खुराची कड टणक आणि आतला भाग रबरासारखा मऊ, त्यामुळे तो खडकाला धरून राहतो. हे सगळं मी नंतर शिकलो. तेव्हा मला एवढंच कळलं की अदलाबदलीत सात बकरे मिळणार आहेत आणि ते आणायला मी जायचं आहे.

जनावर हलवायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, पिंजरा मोठा असला की जनावर सुखात. उलट आहे. पेटी इतकी अरुंद हवी की त्याला वळता येऊ नये. वळायला गेलं की मान अडकते. आत अंधार हवा, कारण दिसलं की ते बिथरतं. तळाला आडव्या पट्ट्या मारायच्या, म्हणजे गाडीच्या हिसक्यानं पाय घसरत नाहीत. आणि त्याच्याशी बोलायचं नाही. आपल्याला वाटतं आपण धीर देतोय. त्याला वाटतं, खाणारा जवळ आला.

सात पेट्या पार्सलच्या डब्यात चढवल्या तेव्हा तिथला राखणदार गुमानसिंग फलाटावर हजर होता. ठेंगणा, पन्नाशीचा, तोंडात सतत विडी. त्यानं प्रत्येक पेटीच्या फटीतून हात घालून खुरं चाचपली. मग मला म्हणाला, "बाबूजी, एक बात याद रखना. इनके पैर सूखे रहें. गरमी ये सह लेंगे, गीला नहीं सहेंगे."

मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, अरे बाबा, तू नागपूरचा मे महिना कुठे पाहिलाय? गुमानसिंगनं आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला आपली सगळी विद्या एका वाक्यात दिली होती आणि मी ती फलाटावरच सोडून आलो.

सातही जण जिवंत पोचले. एक आयाळवाला नर, पाच माद्या, एक पाडस. त्यांच्यासाठी दगड-सिमेंटचा एक डोंगर बांधला होता, दोन मजली घराएवढा, आणि त्याच्या पायथ्याशी एक शेड. पहिल्याच दिवशी नर चार उड्यांत शिखरावर जाऊन उभा राहिला आणि नाक वर करून उत्तरेकडे बघू लागला. उत्तरेला कामठी रोडची धूळ होती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बकरे बघायला जी गर्दी लोटली तशी वाघालाही कधी लोटली नव्हती. इतवारीतले एक भांड्यांचे व्यापारी दर रविवारी यायचे आणि मला तोच प्रश्न विचारायचे, दूध किती देते. मी दर रविवारी सांगायचो, दूध काढायला अजून कुणी वर चढलं नाही. एकदा सावनेरकडचा एक शेतकरी चक्क स्वतःचा बोकड घेऊन फाटकावर आला. अंघोळ घातलेला, शिंगांना तेल लावलेला.

"याले आत सोडा ना जी," तो म्हणाला. "दोन-चार दिवस राहील. पैदास मजबूत होईल."

"तुमच्या बोकडाला वर चढता येईल का?" मी विचारलं.

त्यानं डोंगराकडे पाहिलं, मग बोकडाकडे पाहिलं. "तुमची बकरी खाली नाई येत काय?" म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवला. बोकडाला शेवंताबाईंनी पाला दिला.

शेवंताबाई आमच्याकडे चारा आणायच्या. नवरा गेल्यावर त्या कामाला लागल्या. रोज सकाळी बोरी-बाभळीचा पाला, हरभऱ्याचं कुटार, कधी पळसाची पानं, असा भारा घेऊन येत. कामाच्या हिशेबानं भारा टाकून त्यांनी निघून जायला हवं, पण त्या दुपारपर्यंत बकऱ्यांपाशीच असायच्या. कोण काय खातं, कोण टाकतं, हे त्यांना माझ्याहून जास्त कळे.

मग एप्रिल लागला. नागपुरात राहणाऱ्याला उन्हाळा समजावून सांगायला नको. आम्ही काय करतो? दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावतो आणि दिवसभर त्यांवर पाणी मारतो. बाहेर लू चालते आणि आत ओल्या वाळ्याचा गार वास. आजारी माणसासाठी, बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्यासाठी, ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्यासाठी नागपूरचा माणूस पहिली गोष्ट करतो ती ताट्या लावायची. मीही तेच केलं. शेडला तिन्ही बाजूंनी ताट्या ठोकल्या, वर भोकाभोकांचा पाइप फिरवला, आणि सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत पाणी चालू. सिमेंटच्या डोंगरावरही दुपारी पाणी मारायचं. ही कल्पना माझी होती. कुणी मला सांगितली नव्हती, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

सातही जण तो उन्हाळा तरले. पेपरात बातमी आली, 'हिमालयाचे पाहुणे वाळ्याच्या गारव्यात'. ट्रस्टींनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. आमचे जनावरांचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, तेही म्हणाले, मेश्राम, तुम्ही कमाल केलीत. गुमानसिंगचं वाक्य एकदा आठवलं होतं मला. मी हसलो होतो.

पावसाळ्यात शेवंताबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "काहून लंगडून राहिला गा हा नर?"

डॉक्टरांनी खुरं तासली, औषध लावलं. खुराच्या बेचक्यात पांढुरकं झालं होतं आणि घाण वास येत होता. सिमेंटवरून घसरून लागलं असेल असं आम्ही ठरवलं. थंडीत बरं वाटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मी ताट्यांची एक रांग आणखी वाढवली.

त्याच मे महिन्यात एका मादीनं शेडमध्ये पिलू दिलं. मादी. ओल्या फरशीवर पहिली पावलं टाकताना ती अशी काही ठुमकत चालली की शेवंताबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "ठुमकी वं माह्यी," म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं. आईचे पाय दुखत असल्यानं ती पिलाला फार वेळ उभं राहून पाजू शकत नव्हती. म्हणून शेवंताबाई आणि मी बाटलीनं दूध द्यायचो. ठुमकी आमच्या पायांत पायांत करायची. काही वाजलं, कुत्रं भुंकलं, शाळेची पोरं ओरडली, की बाकीचे बकरे डोंगरावर पळत आणि ठुमकी दाराकडे. दिवाळीत रस्त्यावर लवंगी फटाक्यांची लड लागली तेव्हा ती धावत येऊन शेवंताबाईंच्या मांडीत डोकं खुपसून थरथरत राहिली. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो.

पण दिवाळीपर्यंत मोठ्यांपैकी एकच उरली होती, तिची आई. बाकीचे त्या पावसाळ्यात गेले. आधी पाडस, मग नर, मग एकामागून एक माद्या. नर शेवटचे आठ दिवस गुडघ्यांवर चालत होता. कड्यावर उभं राहणारं जनावर गुडघ्यांवर चालताना मी पाहिलं आहे आणि ते चित्र अजूनही डोळ्यांपुढून जात नाही.

तिसऱ्या मरणानंतर डॉक्टरांनी चिरफाड केली आणि हात धुता धुता मला बोलावलं. "फुप्फुसं पाण्यानं भरलीत," ते म्हणाले. "आणि खुरं आतपर्यंत कुजलीत. मेश्राम, यांना ऊन बाधलं नाही. ओल बाधली. दोन उन्हाळे यांचे पाय कोरडे झालेच नाहीत."

मी त्यांना म्हटलं, "साहेब, मला तिथल्या माणसानं सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा हातांना साबण लावला. मग म्हणाले, "मलाही कळायला हवं होतं. मी शिकलेला माणूस." भला माणूस होता. पण फलाटावर मी उभा होतो, ते नव्हते.

त्याच दिवशी मी ताट्या उपटून काढल्या. कोरडा मुरूम टाकला, खडबडीत दगड रचले, वर नुसतं गवताचं छप्पर ठेवलं. उरलेल्यांना त्याचा उपयोग झाला नाही. खुरं आतून गेली होती. ठुमकीची आई तेवढी थंडीपर्यंत टिकली. ठुमकीची खुरं मात्र बरी झाली. पुढचा उन्हाळा तिनं ताटीशिवाय, नुसत्या कोरड्या सावलीत काढला. धापा टाकायची, पण खणखणीत राहिली. म्हणजे गुमानसिंगचा शब्दन् शब्द खरा होता. त्या उन्हाळ्यानं मला जितकं भाजलं तितकं कुठल्याच उन्हाळ्यानं भाजलं नाही.

थार हे कळपाचं जनावर. एकट्या ठुमकीला त्या सिमेंटच्या डोंगरावर बघवत नसे. ती वर जायची, इकडेतिकडे बघायची आणि खाली येऊन दाराशी बसायची. शेवटी डॉक्टरांनी पत्रं लिहिली. हिला परत घ्या, म्हणून. सहा-सात महिने कागद फिरले आणि एकदाचा होकार आला. तिकडे आता डोंगराचा एक अख्खा कडा तारेनं वेढून त्यात थारांचा कळप ठेवला होता. तिला त्यात सोडायचं, माणसाची सवय मोडायची, आणि तग धरला तर पुढे कळपाबरोबर मोकळ्या रानात. ट्रस्टींना मी आधीच सांगितलं, नेईन तर मीच नेईन.

निघायच्या दिवशी शेवंताबाई बोरीचा पाला घेऊन आल्या. पेटीच्या फटीतून तिला भरवलं. पेटीतल्या जनावराशी बोलायचं नाही हा माझा नियम त्यांना ठाऊक होता, म्हणून त्या बोलल्या नाहीत. माझ्याशी मात्र बोलल्या. "लेकीले सासरी धाडून राहिलो समजा," म्हणाल्या. "सांभाळून न्याजा गा मेश्रामजी."

तिकडे पोचलो तेव्हा गुमानसिंग केंद्राच्या फाटकावर उभा होता, तीच विडी. मी सात नेले होते आणि एक परत आणली होती, तीही माझ्याकडे जन्मलेली. तो मला बोलेल, शिव्या देईल, याची मी सगळ्या वाटभर तयारी केली होती. त्यानं पेटीत हात घातला, ठुमकीची खुरं चाचपली आणि म्हणाला, "इसके अच्छे हैं." बस. बाकीच्यांचं त्यानं विचारलंच नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पेटी उघडली. समोर खरा कडा, त्यावर वीसेक थार. आम्हाला बघताच त्यांच्यातल्या एका मादीनं शिट्टीसारखा आवाज काढला आणि सगळे बघता बघता वर निघून गेले. ठुमकीनं कान टवकारले. तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिच्या आईनं कधी काढला नसावा, किंवा काढायचं कारण तिला पडलं नसावं. ती वळली आणि माझ्या पायाशी येऊन उभी राहिली.

चार दिवस हेच. मी आत गेलो की ती माझ्यामागे. मी थोडं वर चढलो की तीही चढायची, आणि चढायची सुरेख, अंगातच होतं ते. मी बसलो की बसायची. कळप दुरून बघायचा. पाचव्या दिवशी सकाळी गुमानसिंग म्हणाला, आता एकच उपाय.

त्यानं मुठीएवढा एक दगड उचलून माझ्या हातात दिला. "मारो."

मी दगड त्याच्यापुढे परत धरला.

"आपको ही मारना पड़ेगा, बाबूजी. मेरे मारने से क्या होगा, मुझे तो ये कुछ मानती नहीं. आप मारोगे तो आदमी से डरना सीखेगी. और ज़ोर से मारना. लगना चाहिए. नहीं तो समझेगी खेल है."

पंधरा-वीस पावलांवर ती उभी होती, माझ्याकडे तोंड करून. सकाळचं ऊन तिच्या पाठीवर होतं. मी हात उचलला तेव्हा तिला वाटलं मी पाला देतोय. ती एक पाऊल पुढे आली. मी दगड मारला. तो तिच्या पुढ्यात पडला, उसळला आणि बाजूला गेला. ती दचकून दोन-तीन उड्या वर गेली, थांबली, वळून माझ्याकडे पाहिलं. मी ओरडलो. ती आणखी वर गेली. कड्याच्या वळणापाशी दिसेनाशी झाली.

"लगा?" गुमानसिंगनं विचारलं. तो खाली वाकून विडी पेटवत होता. त्यानं पाहिलं नव्हतं.

"लगा," मी म्हणालो.

त्याच दुपारी मी निघालो. फाटकापासून वळणापर्यंत मागे बघितलं नाही.

नागपूरला पोचलो तर शेवंताबाई आधीपासून येऊन बसलेल्या. मी सगळं सांगितलं, कडा, कळप, शिट्टी. दगडाचंही सांगितलं, त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमत नसे.

त्यांचा चेहरा पडला. "मारला? लागला काय गा तिले?"

"नाही बाई. हलक्या हातानं मारला. समोर पाडला."

"बरं केलं गा," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "बरं केलं. लेकराले का असं मारतेत?"

पुढच्या फाल्गुनात गुमानसिंगचं पत्र आलं. तिथल्या शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं, साध्या हिंदीत. सोडल्यानंतर महिनाभर ठुमकी कळपाच्या कडेकडेनं राहिली. मग कळपानं तिला घेतलं. गुमानसिंगला वाटलं, जमलं. पण रोज दुपारी ती एकटी खाली उतरून फाटकापाशी येऊन उभी राहायची. तो तिला हाकलायचा, दगडही मारायचा. ती थोडी बाजूला व्हायची आणि परत यायची. थंडीत एक बिबट्या तार ओलांडून आत आला. मादीनं शिट्टी दिली, कळप वर पळाला. ठुमकी खाली पळाली. फाटकाकडे. फाटक बंद होतं. शेवटच्या ओळीत मास्तरांनी लिहिलं होतं की गुमानसिंग विचारतो आहे, बाबूजी, तुमचा दगड तिला खरंच लागला होता का?

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तीन-चारदा लिहायला बसलो आणि उठलो. गुमानसिंग आता असणं शक्य नाही. असला तर त्याच्यासाठी हे उत्तर इतक्या वर्षांनी इथे छापून येत आहे. लागला नव्हता, गुमानसिंगजी. मी लागू दिला नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. अस्वलं आली, मगरी आल्या, जनावरं हलवायला मला दुसऱ्या गावांहूनही बोलावणी यायची. नव्या माणसांना शिकवताना मी पेटीचं माप सांगायचो, पट्ट्या सांगायचो, आणि म्हणायचो, जिथलं जनावर आहे तिथल्या माणसाचं ऐका. एवढं बोलून पुढच्या कामाला लागायचो. घरी मात्र मी वाळ्याची ताटी कधी लावू दिली नाही. बायको म्हणायची, सगळ्या नागपुरात आपणच एकटे उकडून मरतो. तिला मी वासानं डोकं दुखतं असं सांगितलं होतं.

शेवंताबाईंना मी पत्राचं बोललो नाही. ज्यांच्याशी खोटं बोलणं जमत नसे, त्यांच्याशी मी त्या जाईपर्यंत खोटंच बोललो. त्या थकल्या, काम सुटलं, तरी दिवाळीला घरी यायच्या. चिवडा-लाडू समोर ठेवला की आधी विचारायच्या, "कशी हाये गा आपली ठुमकी? काही खबर?"

"मजेत आहे बाई," मी सांगायचो. "पिलं झालीत आता तिला."

त्या समाधानानं मान हलवायच्या. लाडवाचा तुकडा मोडायच्या. आणि दरवर्षी न चुकता म्हणायच्या, "तुमी तवा जोरानं नाई मारला, ते लई बरं केलं गा मेश्रामजी."